मोहावरची आमरी आणि मराठवाड्याची कोरी पानं

गोदावरी धर्माबादच्या पुढे मराठवाडा सोडते, तेलंगण ओलांडते आणि राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटून समुद्राला मिळते. त्या मुखाच्या उत्तरेला, काकीनाड्याजवळ, सामलकोट नावाचं गाव आहे. १७८१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा विल्यम रॉक्सबर्ग हा स्कॉटिश डॉक्टर तिथे नेमणुकीवर आला. पगार रोग्यांवर उपचार करण्याचा होता, जीव मात्र झाडांत गुंतलेला. त्याने बाग केली, मिरीच्या लागवडीचे प्रयोग केले आणि स्थानिक चित्रकारांना हाताशी धरून आसपासच्या वनस्पतींची चित्रं काढून घ्यायला सुरुवात केली. पुढे कलकत्त्याला गेल्यावरही त्याने ते काम सोडलं नाही, आणि चित्रांची संख्या अडीच हजारांच्या वर गेली. त्यांतली निवडक तीनशे चित्रं ‘कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पती’ या तीन खंडांच्या ग्रंथात छापली गेली. पहिला खंड १७९५ चा. त्याच्या बेचाळिसाव्या चित्रात झाडाच्या फांदीवर वाढणारी एक आमरी, म्हणजे ऑर्किड, आहे. पन्हळीसारखी मुडपलेली, टोकाशी कुरतडल्यासारखी पानं, हवेत लोंबणारी जाड मुळं, पिवळसर तपकिरी पाकळ्यांवर चौकटींची नक्षी आणि मधोमध निळसर जांभळा ओठ.

हीच आमरी गोदावरीच्या वरच्या अंगालाही आहे. आंब्याच्या, मोहाच्या जुन्या खोडावर उन्हाळ्याच्या अखेरीस ती फुलते. किनवट, माहूरच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला ती नवी नाही. पण खालच्या काठावरचं तिचं चित्र लंडनमध्ये छापून झालं, तेव्हापासून वरच्या काठाच्या वनस्पतींचा सगळा हिशेब एका पुस्तकात येईपर्यंत दोन शतकं गेली. त्या दोन शतकांत काय झालं आणि काय राहून गेलं, त्याची ही हकिगत आहे. मराठवाड्यात ती फारशी सांगितली गेलेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

रॉक्सबर्गने या आमरीला ‘एपिडेंड्रम टेसेलाटम’ म्हटलं. लिनियसने १७५३ मध्ये दोन शब्दी नावांची पद्धत रूढ केली तेव्हा युरोपात उष्ण कटिबंधातल्या आमरी फारच थोड्या पोचल्या होत्या. जी झाडावर वाढते ती ‘एपिडेंड्रम’, असा तेव्हाचा ढोबळ हिशेब होता. रॉक्सबर्गने तोच चालवला. त्याच सुमारास कलकत्त्यात सर विल्यम जोन्स याने ‘वंदा’ हा संस्कृत शब्द उचलून याच गटातल्या आमरीचं वर्णन केलं होतं. १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन याने ‘व्हॅन्डा’ ही प्रजाती नीट उभी केली आणि आपल्या आमरीला रॉक्सबर्गच्या सन्मानार्थ ‘व्हॅन्डा रॉक्सबर्गी’ असं नाव दिलं. हेतू चांगला होता, पण नियमात बसला नाही. जातीला पहिल्यांदा दिलेलं विशेषण टिकवायचं असतं, मग ती जात कोणत्याही प्रजातीत हलवली तरी. म्हणून १८३० मध्ये ‘टेसेलाटा’ परत आलं आणि नाव झालं ‘व्हॅन्डा टेसेलाटा’. जुन्या आयुर्वेदीय पुस्तकांत मात्र ‘रॉक्सबर्गी’ आजही भेटतं.

एका फुलासाठी एवढी उठाठेव कशाला, असं वाटणं शक्य आहे. त्याला उत्तर बाजारात मिळतं. संधिवातावर देतात त्या ‘रास्ना’ नावाखाली देशाच्या वेगवेगळ्या भागांत किमान तीन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. उत्तरेत एक झुडूप, दक्षिणेत हळदीच्या कुळातलं एक कंदमूळ, आणि काही प्रांतांत आपली ही व्हॅन्डा. वैद्याने चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला तरी रोग्याच्या पोटात जाणारी वस्तू तिन्ही ठिकाणी निराळी. कोणत्या पानाचा कोणता गुण, हे ठरवण्याआधी पान कोणतं हे ठरावं लागतं.

आमरीच्या बाबतीत ते ठरवणं अवघडच. फुलाला तीन बाहेरची दलं, तीन आतली. आतल्यांतलं एक बदलून ओठ झालेलं. पुंकेसर आणि स्त्रीकेसर मिळून एकच स्तंभ. पराग सुटे नसतात, त्यांचे मेणचट पिंड बनलेले असतात, आणि कीटकाच्या अंगाला ते अख्खेच्या अख्खे चिकटून जातात. जातीजातींतला फरक बहुधा ओठाच्या ठेवणीत, स्तंभाच्या टोकाशी, शेपटीसारख्या मधुनळीच्या लांबीत दडलेला असतो. ही नळी किती बोलते ते मादागास्कर बेटावरच्या एका आमरीने दाखवून दिलं. तिची मधुनळी जवळजवळ फूटभर लांब. १८६२ मध्ये आमरींवरच्या पुस्तकात डार्विनने लिहिलं की एवढ्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. तो पतंग १९०३ मध्ये, डार्विनच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, शास्त्रात नोंदला गेला. अशा गोष्टींमुळे आमरींचा अभ्यास म्हटला की बेटं डोळ्यांसमोर येतात. अंबोनवर सतराव्या शतकात आंधळा झालेला रुम्फियस दुसऱ्यांच्या डोळ्यांनी वनस्पती लिहून काढत होता. जावा, न्यू गिनी, मादागास्कर इथे शेकड्यांनी जाती सापडल्या. समुद्राने तोडलेल्या डोंगरात प्रत्येक दरी आपली वेगळी जात घडवते.

मराठवाडा याच्या अगदी उलट टोकाला. सपाट बेसॉल्ट, काळी माती, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला तुटपुंजा पाऊस. इथे आमरी थोड्या असणार हे उघड आहे. पण थोड्या आहेत की कोणी पाहिल्याच नाहीत, हे शोधल्याशिवाय सांगता येत नाही, आणि शोधणाऱ्यांची वाट शंभर वर्षं मराठवाड्याच्या वेशीवरून परत फिरत राहिली.

पश्चिमेकडे काय चाललं होतं ते पाहू. आपल्या माणसांचा या कामातला वाटा जुना आहे. केरळातला डच सेनानी व्हान रीड याचा बारा खंडांचा ‘होर्टुस मलबारिकुस’ १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला, त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या तीन कोकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र आहे. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याच्या बरोबरीने त्यांनी माहिती दिली आणि पडताळली. मुंबई इलाख्यात मात्र काम इंग्रजांच्या हाती गेलं. पोस्टखात्यातल्या जॉन ग्रॅहमची मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी १८३९ ची; ती पुरी होण्याआधीच तो खंडाळ्याला वारला. जंगलखात्यातले डालझेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ चा. डालझेलने जुन्नरच्या परिसरातल्या कड्यांवरून मिळालेल्या शिंदळ माकुडी या वनस्पतीला १८६५ मध्ये ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिलं, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून. पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी निवृत्तीनंतर इंग्लंडात क्यू उद्यानात बसून मुंबई इलाख्याची सगळी वनस्पतिसृष्टी १९०१ ते १९०८ या काळात ग्रंथबद्ध केली. तो ग्रंथ आजही हाताशी लागतो.

आमरींवर वेगळं काम पुण्याच्या गॅमी यांनी केलं. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात १९०५ पासून त्यांची लेखमाला आली. नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालयातले स्विस जेसुइट फादर ब्लाटर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स मॅककॅन यांनी कुकच्या ग्रंथाची फेरतपासणी केली. कासच्या पठारावर पावसाळ्याच्या तोंडाला जमिनीलगतच्या एका पानावर मोठं पांढरं फूल उभं राहतं, त्या आमरीचं ‘हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस’ हे लांबलचक नाव त्यांनीच १९३२ मध्ये दिलं. जुनं नाव दुसऱ्या देशातल्या एका आमरीने आधीच घेतलेलं होतं. त्यांच्यानंतर स्पेनमधून आलेले आणि भारताचे नागरिक झालेले फादर संतापाव आले. झेड. जे. कपाडिया यांच्याबरोबर त्यांनी १९५७ मध्ये पाचगणीच्या नावाने ‘हबेनारिया पांचगणीएन्सिस’ ही नवी जात प्रसिद्ध केली आणि १९६६ मध्ये ‘मुंबईच्या आमरी’ हा ग्रंथ पुरा केला. संतापाव भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालकही झाले.

या नामावळीत मराठी माणूस कुठे दिसतो? संग्राहक म्हणून, साहाय्यक म्हणून, सुकवलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या आर. के. भिडे यांनी गवतांवर बारकाईने काम केलं, आणि १९४९ मध्ये बोर याने एका गवताच्या प्रजातीला ‘भिडेया’ हे नाव देऊन त्यांची कायमची नोंद केली. शास्त्राच्या भाषेत एवढा मान कमी लोकांच्या वाट्याला येतो. भिड्यांचं नाव महाराष्ट्रात वनस्पतिशास्त्राबाहेर कोणाला ठाऊक नसावं, हे आपलंच दुर्लक्ष.

आता कुकच्या ग्रंथाची हद्द नकाशावर आखली तर ती सोलापूर, बार्शी, अहमदनगर इथे थांबते. पलीकडे निजामाचं राज्य. पूर्वेकडून मद्रास इलाख्याचा गॅम्बल आणि फिशर यांचा ग्रंथ १९१५ ते १९३६ मध्ये आला, तो तेलुगू मुलखापर्यंत येऊन थांबला. दोन्ही ग्रंथांच्या मधे औरंगाबाद, बीड, परभणी, उस्मानाबाद, बीदर, नांदेड, आदिलाबाद हे जिल्हे अधांतरी राहिले. बार्शीच्या शिवारातलं एखादं रोप कुकच्या पानावर आहे. तिथून चार कोसांवर, परांड्याच्या बाजूला तेच रोप उगवलं तर त्याची नोंद कुठेच नाही. माती तीच, पाऊस तोच. मधे फक्त संस्थानची वेस.

निजामाच्या राज्यात काहीच झालं नाही असं नाही. जंगलखात्याचे पार्ट्रिज यांचं वनवनस्पतींवरचं पुस्तक १९११ चं. पण ते जंगलखात्याच्या कामाचं: इमारती लाकूड, सरपण, डिंक, चारा. फांदीवर बसलेल्या आमरीला किंवा पावसाळ्यात महिनाभर उगवून जाणाऱ्या रोपाला त्यात जागा असण्याचं कारण नव्हतं. उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठातले प्राध्यापक एम. सईदुद्दीन यांनी १९३५ पासून संस्थानातल्या सामान्य फुलझाडांवर क्रमाने लेख लिहिले, त्यांतले काही मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्याच नियतकालिकात. संस्थान संपल्यावर, १९५३ मध्ये, एम. एस. खान यांचं हैदराबाद राज्यातल्या वनवनस्पतींचं पुस्तक निघालं. पक्ष्यांचं नशीब थोडं बरं. निजामाच्या साहाय्याने सालीम अलींनी १९३१–३२ मध्ये संस्थानातल्या पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी केली. वनस्पतींना असा सालीम अली तेव्हा भेटला नाही.

राज्यकारभाराची हद्द हे एक कारण. दुसरं मला जास्त खरं वाटतं, ते म्हणजे ऋतू. साहेबांचे, अंमलदारांचे दौरे हिवाळ्यात. तंबू, बैलगाड्या, कोरडे रस्ते. मनमाडहून नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातुरापर्यंत आली. तरी रुळापासून चार मैल आत शिरायचं तर काळ्या मातीची पायवाटच. जुलै ते सप्टेंबर या मातीत गाडी रुतते, बैल रुततात, चपला चिखलातच राहतात. आणि मराठवाड्याची वनस्पतिसृष्टी नेमकी याच तीन महिन्यांत उभी असते. जमिनीवरच्या हबेनारिया आमरी पावसाबरोबर कंदातून वर येतात, पांढरी फुलं धरतात आणि दिवाळीपर्यंत मातीत परत जातात. युलोफिया तर त्याहून चकवणारी: पहिल्या पावसाच्या आधी, पान नसताना, नुसता फुलांचा दांडा जमिनीतून निघतो. जानेवारीत तंबू ठोकून बसलेल्या माणसाला या दोघींचा मागमूस लागत नाही. त्याच्या वहीत साग, ऐन, धावडा, सालई, तेंदू येतात आणि मुलूख रुक्ष आहे असा शेरा पडतो.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जिल्ह्यांच्या सीमा हलल्या. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे बीदरचे तालुके उस्मानाबादेत आले. आदिलाबादचा किनवट तालुका नांदेडला जोडला गेला, आणि त्याच्याबरोबर पैनगंगेच्या काठचं सागवानी जंगल, सहस्रकुंडाचा धबधबा, माहूरचा डोंगर आणि गोंड, कोलाम, आंध यांच्या वस्त्या मराठवाड्यात आल्या. नांदेडला आज जंगल म्हणून जे आहे त्यातलं बरंचसं त्या एका तालुक्याबरोबर आलं. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. या हकिगतीत माझ्या मते हाच दिवस सर्वांत मोठा. आपल्या मुलखाच्या गवताला नाव देण्यासाठी मुंबई, पुणे, क्यू या वाटेने जायची गरज आता उरली नव्हती.

विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले प्रा. व्ही. एन. नाईक यांनी ते काम अंगावर घेतलं. देशभरातल्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक आहेत त्यांच्या सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणावरील इंग्रजी पाठ्यपुस्तकामुळे, जे १९८४ मध्ये निघालं. पण त्यांचं मराठवाड्यावरचं ऋण आधीच्या पुस्तकात आहे. १९७९ मध्ये औरंगाबादेतून ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ प्रसिद्ध झाला. लातूर जिल्हा तेव्हा नव्हता. तो १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादेतून वेगळा झाला. म्हणजे लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर या सगळ्या शिवारांची पहिली पद्धतशीर वनस्पतिनोंद उस्मानाबादच्या नावाच्या पुस्तकात आहे.

या निवडीचं मला फार कौतुक वाटतं. नवीन जाती शोधायच्या तर माणूस महाबळेश्वरला, आंबोलीला, राधानगरीला जातो. नाईकांनी घेतला तो महाराष्ट्रातल्या सर्वांत उघड्याबोडक्या जिल्ह्यांपैकी एक. आजच्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. बालाघाटच्या उतारांवर खुरटी झुडपं, मांजरा आणि तेरणेच्या काठी बाभळी, आणि बाकी सगळी नांगरट. मधे मधे एखादी टेकडी देवाच्या नावाने राखलेली. चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथचं बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे, उदगीरजवळचं हत्तीबेट तसंच. जिथे कुऱ्हाड, नांगर आणि शेळी पोचली नाही तिथे काय उगवतं, हे अशाच टेकड्यांवर कळतं. आणि जिथे पोचली तिथेही बांधावर, वाटेच्या कडेला, ओढ्याच्या काठी गवतं, लव्हाळे, शेंगा धरणारी बारीक रोपं असतातच. अशा मुलखात वर्गीकरणाचं काम अधिक कठीण, कारण मोठं, उठावदार फूल क्वचितच मिळतं. दोन गवतांतला फरक भिंगाखाली एका कुसळाच्या वळणावर ठरतो.

या कामाची रीत एकदा सांगायला हवी. रोप मुळासकट उपटायचं, फूल आणि फळ दोन्ही असलेलं. जागेवरच वहीत गाव, दिवस, क्रमांक, जमीन आणि फुलाचा रंग लिहायचा, कारण वाळल्यावर रंग उडतो. मग जुन्या वर्तमानपत्रांत घालून दाबायचं आणि रोज कागद बदलायचे. पावसाळ्यात कागद सुकवायलाच ऊन नसतं. आमरी तर वाळायला तयारच होत नाही. पानं आणि कंद मांसल, दाबाखालीही काही आठवडे जिवंत राहतात, कधी कोंबही काढतात. म्हणून रोप उकळत्या पाण्यात बुडवून काढावं लागतं, आणि फूल वेगळं स्पिरिटच्या बाटलीत ठेवावं लागतं, नाहीतर ओठ आणि स्तंभ चपटे होऊन ओळखच पुसून जाते. वाळलेला नमुना सुमारे बेचाळीस सेंटिमीटर लांबीच्या जाड कागदावर टाचला की त्याला शास्त्रात जागा मिळते. त्यानंतर तुलना. जुने ग्रंथ, जुने नमुने, पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा संग्रह, मुंबईतला ब्लाटरांच्या नावाचा संग्रह. कशाशीच जुळलं नाही तर जात नवी असण्याची शक्यता.

नवी ठरली तरी नुसतं म्हणून चालत नाही. १९५८ पासून एक विशिष्ट नमुना त्या नावाचा आधार म्हणून नेमून द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक संग्रहात ठेवावा लागतो. आणि १९३५ ते २०११ या काळात नव्या जातीचं वर्णन लॅटिन भाषेत देणं बंधनकारक होतं. म्हणजे परभणी किंवा नांदेडच्या बाजूचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी माध्यमात शिकलेला संशोधक, ज्याने शेतात ते रोप लहानपणापासून पाहिलेलं, त्याला ते जगाला सांगण्यासाठी लॅटिन लिहावं लागे. आणि ते त्यांनी लिहिलं. नाईकांच्या विभागातल्या संशोधकांनी गवतं, लव्हाळे, शेंगवर्गीय रोपं, मुसळीसारखे कंद यांवर वर्षानुवर्षं काम केलं. डी. एस. पोकळे यांनी अ‍ॅलिसिकार्पस या शेंगवर्गीय प्रजातीत आपल्या गुरूंच्या नावाने ‘अ‍ॅलिसिकार्पस नाईकियानस’ ही जात प्रसिद्ध केली. डालझेलने गव्हर्नरचं नाव दिलं होतं. मराठवाड्याने आपल्या मास्तरांचं दिलं.

जिल्ह्यावरून नाईक प्रदेशाकडे वळले. १९९८ मध्ये ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ दोन खंडांत औरंगाबादेतूनच निघाला. गोदावरीच्या वरच्या काठाला तिच्या वनस्पतींचा ग्रंथ मिळाला, तोही इथल्याच माणसाने लिहिलेला, इथेच छापलेला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने सगळ्या महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड १९९६ ते २००१ या काळात काढले. त्यांच्यासमोर मराठवाडा आता कोरा नव्हता.

आमरींच्या पानांवर या ग्रंथांत सह्याद्रीची गर्दी मोठी, मराठवाड्याची ओळ छोटी. महाराष्ट्रात शंभराहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या बहुतेक कोकण, घाटमाथा आणि सह्याद्रीच्या उतारांवर. मराठवाड्यातली कोणतीही आमरी जगात फक्त इथेच आहे असा दावा मी करणार नाही. पण एखादी जात कुठवर पसरली आहे, हे तिच्या शेवटच्या कोरड्या कडेवरच कळतं. व्हॅन्डा टेसेलाटा श्रीलंकेपासून म्यानमारपर्यंत आहे. उन्हाळ्यात बेचाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या किनवटमध्ये ती कशी तगते, तिच्या मुळांवरचा पांढरा स्पंजासारखा थर दवाचं पाणी किती पकडतो, मोहावर किती आणि आंब्यावर किती बसते, हे सह्याद्रीतल्या ओल्या जंगलात बसून समजत नाही. आणि मोहाची जुनी झाडं तुटली की तिचं घर जातं. साग सरळसोट वाढवायचा असेल तर जंगलखात्याच्या लेखी वेड्यावाकड्या, म्हाताऱ्या मोहाची किंमत थोडी. आमरीच्या लेखी तोच सर्वांत मोलाचा. कोलाम आणि गोंड मोह राखतात ते फुलांसाठी, पोटासाठी, देवासाठी. आमरी त्यांच्या पुण्याईवर जगते.

१९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने वेगळं विद्यापीठ झालं, नांदेड, लातूर, परभणीची महाविद्यालयं त्याच्याकडे गेली. २०१२ पासून नव्या जातीचं वर्णन इंग्रजीत दिलेलं चालतं, लॅटिनची सक्ती गेली. लव्हाळ्यांच्या कुळावर आयुष्यभर काम केलेले औरंगाबादचे एम. ए. वदूद खान आणि लक्ष्मीनरसिंहन यांनी एका लव्हाळ्याला ‘फिम्ब्रिस्टायलिस नाईकी’ हे नाव दिलं. खुद्द वदूद खान यांच्या नावाने कोल्हापूरच्या एस. आर. यादव आणि सहकाऱ्यांनी ‘इलिओकारिस वदूदी’ ही जात नोंदवली. तळ्याकाठच्या गवतासारख्या दिसणाऱ्या या रोपांकडे म्हशीशिवाय कोणाचं लक्ष जात नाही, आणि मराठवाड्यातल्या शिक्षकांच्या नावांना त्यांनी जगभरच्या ग्रंथांत जागा दिली आहे.

उदगीर किंवा चाकूरच्या एखाद्या विद्यार्थिनीला आज आपल्या गावची जुनी नोंद शोधायची असेल तर तिने तीन ठिकाणी पाहावं. १९५६ च्या आधीचं काही असलं तर बीदर जिल्ह्याखाली. १९८२ पर्यंतचं उस्मानाबादखाली, ज्याचं नाव आता धाराशिव आहे. त्यानंतरचं लातूरखाली. किनवटचं १९५६ पूर्वीचं पान आदिलाबादमध्ये सापडेल. नमुन्याच्या चिठ्ठीवर जिल्हा बदलत गेला तरी गावाचं नाव बहुधा तेच असतं, आणि जून संपता संपता त्या गावाच्या माळावर जाऊन ते रोप अजून उगवतं का, हे तिला स्वतःच पाहून घेता येईल.